डाव्या हाताची खोड

चेंडू प्रेक्षकांच्या डोक्यावरून गेला, मागच्या पाण्याच्या टाकीवर आपटला आणि मैदानाबाहेर कुठेतरी दिसेनासा झाला. पंचांनी दोन्ही हात वर केले. दुसऱ्या पंचांनी जुन्या चेंडूंची पेटी मागवली. ती येईपर्यंत भिंगरी खेळपट्टीच्या कडेला बुटाच्या टोकाने माती उकरत उभी राहिली.

व्यावसायिक क्रिकेटमधलं तिचं हे दुसरं षटक होतं. पहिल्याची गत काही वेगळी झाली नव्हती.

भिंगरी हे घरचं नाव. लहानपणी ती एका जागी बसायची नाही म्हणून काकाने ठेवलेलं. पुढे ती लेगस्पिन टाकायला लागली आणि मग ते नाव फारच शोभायला लागलं, इतकं की संघातही कुणी तिला खऱ्या नावाने हाक मारीना. संघाने तिला वर्षभराच्या करारावर घेतलं होतं ते तिच्या गुगलीसाठी. लेगस्पिनरचा नेहमीचा चेंडू फलंदाजापासून बाहेर वळतो. गुगली दिसते तशीच, पण पडल्यावर उलटी आत येते. भिंगरीची गुगली कुणालाच ओळखता यायची नाही. क्लबात नाही, जिल्ह्यात नाही, निवड चाचणीत तर नाहीच.

आज मात्र समोरची फलंदाज चेंडू पडायच्या आतच मागच्या पायावर जाऊन तयार उभी राहत होती. गुगली आली की ती जागा करून घेत होती आणि साधा लेगब्रेक आला की शहाण्यासारखी अडवत होती. पानात काय वाढलं जाणार आहे हे आधीच ठाऊक असल्यासारखी.

गोलंदाजाच्या टोकाला, भिंगरीपासून हातभर अंतरावर, ताई उभी होती. समोरच्या संघाची सलामीची फलंदाज आणि भिंगरीची सख्खी मोठी बहीण. ती बॅटच्या टोकाकडे बघत होती. षटकार गेला तेव्हाही तिने मान वर केली नाही.

पेटीतला चेंडू आला. पुढच्या दोन चेंडूंचंही तेच झालं. षटक संपलं तशी कर्णधार यष्ट्यांमागून चालत आली. ती पूर्वी शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे सगळ्या तिला मास्तरीण म्हणत. आणि अजूनही ती मैदानावर बोलायला लागली की कुणीतरी फळा पुसायला उठेल असं वाटायचं.

"पुरे आता, बाळ," ती म्हणाली. "सीमारेषेवर जा. पाणी पी."

भिंगरीने टोपी घातली आणि गेली. तिकडे जाताना प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "अगं, चेंडू बदलून काय होतंय, गोलंदाज बदला!" आजूबाजूचे हसले. तिलाही हसू आलं, आणि मग ते आवरेना म्हणून तिने टोपी डोळ्यांवर ओढली.

*

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी तिला व्हिडिओच्या खोलीत बोलावलं. वय झालेले, गुडघे दुखणारे, सगळ्यांचे तात्या. खोलीत एक टेबल, एक पडदा आणि कोपऱ्यात मोडक्या बॅटींचा ढीग होता. तात्यांनी खुर्चीत बसता बसता गुडघ्यांना दोन शिव्या हासडल्या आणि चित्र थांबवलं.

"हा तुझा लेगब्रेक. धावत येतेस, डावा हात चेंडूवरून सुटला. बरोबर?"

"हो."

"आता ही गुगली." त्यांनी चित्र पुढे सरकवलं. "बघ. डावा हात चेंडूवर अजून आहे. अजून आहे. आत्ता सुटला. तान्ह्या पोराला दुसऱ्याच्या हातात देताना बाई सोडत नाही ना, तसं."

भिंगरी पडद्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं तो हात तिच्याच खांद्याला होता आणि तिला त्याची ही खोड माहीत नव्हती.

"तशी ही गोष्ट डोळ्यांत भरणारी नाही," तात्या म्हणाले. "मलाही चार वेळा बघितल्यावर दिसली. पण त्या तर पहिल्या चेंडूपासून बघत होत्या. तुझा पहिलाच सामना. तुझा व्हिडिओ कुणाकडे असायचं कारण नाही. त्यांना सांगितलं कुणी?"

"माहीत नाही," भिंगरी म्हणाली.

तात्यांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग पडदा बंद केला आणि गुडघ्यांना आणखी एक शिवी देऊन उठले.

त्यानंतरच्या सामन्यांत ती राखीव खेळाडूंत बसली. तिने पाण्याच्या बाटल्या नेल्या, हातमोजे नेले, एकदा तर एका फलंदाजाला शिंक येत होती म्हणून रुमाल नेला. करार एका हंगामाचा होता. पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं याची कुजबूज चालू झाली की तिच्याशी बोलणारे लोक एकदम फार गोड बोलायला लागत. ते तिला जास्त लागायचं.

*

हंगामाच्या मध्ये चार दिवसांची सुट्टी मिळाली तेव्हा दोघी बहिणी एकाच दिवशी घरी आल्या.

बाबांचं चष्म्यांचं दुकान खाली आणि घर वर. बाबा गिऱ्हाइकांना एक विनोद नेहमी ऐकवायचे: "माझ्या दोन मुली. एकीला चेंडू जरा जास्तच दिसतो आणि दुसरीचा कुणालाच दिसत नाही. मी बापडा मधल्यामध्ये चष्मे विकतो." त्या दिवशी जिना चढताना भिंगरीने ऐकलं, तर बाबा गिऱ्हाइकाशी फक्त काचेच्या नंबराबद्दल बोलत होते.

आईने सांगितलं की त्या सामन्याच्या दिवशी तिने टीव्हीचा आवाज बंद करून इस्त्री काढली होती. शर्ट झाले, चादरी झाल्या, शेवटी पायपुसणीसुद्धा झाली.

"दोघीही माझ्याच. मी टाळ्या कुणासाठी वाजवू?" आई म्हणाली. "तुम्ही एका संघात का नाही जात गं?"

"माझ्या संघात जागा नाही," ताई म्हणाली.

"आमच्याकडे पण नाही," भिंगरी म्हणाली.

जेवण झाल्यावर ताई भांडी घासायला उभी राहिली आणि भिंगरी पुसायला. ही विभागणी लहानपणापासूनची. ताई आठ वर्षांनी मोठी. शाळेतून आल्यावर ताईला फलंदाजीचा सराव करायचा असायचा आणि चेंडू टाकायला कुणी मिळायचं नाही. म्हणून दुकानामागच्या बोळात धाकटीला उभं केलं जायचं. हात दुखले तरी ताई सोडायची नाही. भिंगरीचा पहिला लेगब्रेक ताईलाच वळला होता, पहिली गुगलीही तिलाच. ती गुगली आत वळली तेव्हा ताईने बॅट फेकून तिला उचलून गरगर फिरवलं होतं.

ताईने एक ताट धुऊन पुढे केलं.

"मी सांगितलं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मीटिंगमध्ये विचारलं. नवीन मुलगी आहे, तुझी बहीण आहे, काय टाकते? सगळ्या माझ्याकडे बघत होत्या."

"मग म्हणायचं होतंस, माहीत नाही."

"खोटं बोलू?"

"एवढंसं खोटं."

ताईने नळ बंद केला. "ज्यांच्याबरोबर खेळायचं त्यांच्याशीच खोटं बोलायचं? मग दुसऱ्या दिवशी धाव घेताना त्यांनी माझ्या हाकेवर विश्वास कसा ठेवायचा?"

भिंगरी ताट पुसत राहिली. ते केव्हाच कोरडं झालं होतं.

"मला आधी सांगायचं तरी," ती शेवटी म्हणाली. "मला बोळात असताना सांगायचं. एवढी वर्षं तुला दिसत होतं आणि तू बोलली नाहीस."

ताईने पुन्हा नळ सोडला. पाठमोरीच म्हणाली, "तेवढंच एक होतं गं माझ्याकडे. तुझा चेंडू वळायला लागल्यापासून मला तू झेपत नव्हतीस."

भिंगरीने ताट जागेवर ठेवलं आणि झोपायला निघून गेली. सकाळी आई उठायच्या आत ती बॅग घेऊन बाहेर पडली होती.

*

ती खोड काढायची, असं तिने ठरवलं. तात्यांनी नेटमध्ये तिला डावा हात कमरेला बांधून चेंडू टाकायला लावले. चेंडू जाळीच्या छपरावर गेले, तात्यांच्या पोटरीला लागले, एकदा शेजारच्या नेटमधल्या फलंदाजाने निवांतपणे तिचाच चेंडू टोलवला. हात लवकर सोडला की गुगली वळतच नव्हती. आणि गुगली वळली की हात थांबलेलाच असायचा. दोघांचं काही साटंलोटं असल्यासारखं.

एका सकाळी ती इतकी वैतागली की तिने गुगलीचा नादच सोडला. साधा लेगब्रेक टाकायला लागली. पण डोकं गुगलीतच अडकलेलं होतं. धावत येताना डावा हात चेंडूवर राहिला तो राहिलाच, आणि उजव्या हाताने नेहमीचा लेगब्रेक सोडला.

मास्तरीण यष्ट्यांमागे उभी होती. तिने तो हात पाहिला, गुगली म्हणून डावीकडे सरकली, आणि चेंडू तिच्या उजव्या हातमोज्याजवळून सुळकन निघून जाळीत जाऊन पडला.

मास्तरीण आपल्या रिकाम्या हातमोज्यांकडे बघत उभी राहिली.

"हे मुद्दाम केलंस?" तिने विचारलं.

"नाही."

"मग आता मुद्दाम कर."

मुद्दाम करणं सोपं नव्हतं. हात खोटं बोलायला शिकायला वेळ घेतो. कधी हात थांबायचा आणि मनगट बावचळायचं. चेंडू अर्ध्यात टप्पा खायचा. तरी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी मास्तरीण हातमोजे घालून येऊन बसायची, आणि फसली की शाळेतल्यासारखं बोट वर करून म्हणायची, "एक!" दुसऱ्यांदा फसली की "दोन!" हळूहळू ती मोजायची थांबली. ज्या दिवशी ती सलग फसून फसून जमिनीवर बसून हसायला लागली, त्या दिवशी तात्यांनी फलकावर शेवटच्या साखळी सामन्याच्या अकरा जणींत भिंगरीचं नाव घातलं.

तो सामना ताईच्या संघाशी होता. जो जिंकेल तो अंतिम फेरीत.

आदल्या संध्याकाळी मीटिंग झाली. एकेका फलंदाजावर बोलून झालं. मग मास्तरणीने ताईचं नाव घेतलं आणि खोलीतल्या सगळ्या माना भिंगरीकडे वळल्या.

कुणी काही विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती. माहीत नाही असं म्हणणं किती सोपं होतं. तात्यांना तिने म्हटलंही होतं. तिने खोलीभर नजर फिरवली. मास्तरणीच्या बोटाला चिकटपट्टी होती. ते बोट तिच्याच चेंडूने सुजलं होतं.

"तिला एकेक धाव घेऊ देऊ नका," भिंगरी म्हणाली. आवाज तिचाच होता. "चौकार गेला तरी चालेल, पण एक धाव नको. नुसतं उभं राहावं लागलं की ती चिडते. चिडली की क्रीज सोडून पुढे येते."

मास्तरणीने मान हलवली आणि पुढच्या नावाकडे वळली. इतकं लवकर संपलं ते.

*

भिंगरीच्या संघाने पहिली फलंदाजी करून बऱ्यापैकी धावा केल्या, फार नाहीत. ताई आणि तिच्या जोडीदाराने पाठलाग असा सुरू केला की प्रेक्षकांतले काही लोक लवकर घरी जायची तयारी करायला लागले. मास्तरणीने मैदानभर पाहिलं आणि चेंडू भिंगरीकडे उडवला.

"चल," ती म्हणाली. एवढंच.

ताई गोलंदाजाच्या टोकाला होती. पुन्हा तशीच, हातभर अंतरावर. समोर तीच फलंदाज, जिने चेंडू पाण्याच्या टाकीवर घातला होता. ती हेल्मेटची पट्टी नीट करत होती आणि चक्क हसत होती.

भिंगरी धावत आली. डावा हात चेंडूवर राहिला. अजून राहिला. फलंदाजाला हवं ते दिसलं. ती मागे गेली, आत येणाऱ्या चेंडूसाठी जागा केली आणि जोरात बॅट फिरवली. चेंडू पडला आणि बाहेर वळला. बॅटच्या कडेला लागून तो मास्तरणीच्या हातमोज्यांत जाऊन बसला तेव्हा फलंदाज अजून मिडविकेटकडेच बघत होती.

मास्तरणीने एक बोट वर केलं. "एक!" ती ओरडली, आणि अर्थ फक्त भिंगरीला कळला.

नवी फलंदाज आली. तिलाही मीटिंगमध्ये शिकवलेलं नीट पाठ होतं. तिला आधी खरा लेगब्रेक मिळाला, तो तिने अडवला. मग पुन्हा हात थांबला. ती खाली वाकून चेंडू लेगला ढकलायला गेली आणि तो बॅटच्या पुढच्या कडेवरून उडून थेट पॉइंटच्या हातात गेला. घरी निघालेले लोक जिन्यातच थांबले. कुणीतरी पत्र्याच्या भिंतीवर थापा मारायला लागलं.

ताई पुढे आली. नव्या जोडीदाराला खेळपट्टीच्या मध्ये बोलावलं आणि हातमोजा तोंडासमोर धरून काहीतरी सांगितलं. भिंगरीला शब्द ऐकू आले नाहीत, पण ते काय असणार ते तिला कळलं. हात बघू नकोस. हात खोटं बोलतोय.

पुढच्या षटकात ताई तिच्या समोर आली.

मैदानावर आवाज खूप होता, पण त्या बावीस यार्डांत बोळातल्यासारखं वाटत होतं. मास्तरणीने क्षेत्ररक्षक जवळ आणले. पहिला चेंडू ताईने ढकलला, कव्हरने अडवला. दुसरा ढकलला, मिडऑनने झेप घेऊन थांबवला. तिसऱ्याला ती धावायला निघाली आणि परतावं लागलं. तिने बॅट पायाजवळ दोनदा आपटली. भिंगरीला ते आपटणं ओळखीचं होतं. बोळात यानंतर चेंडू शेजाऱ्यांच्या खिडकीकडे जायचा.

ती वळली, आपल्या खुणेपर्यंत चालत गेली. काय टाकायचं याचा तिने फार विचार केला नाही. धावत आली. डावा हात चेंडूवर थांबला, पूर्वीसारखा, जितका थांबायचा तितकाच.

ताईने पाहिलं. पाहिलेलं भिंगरीला दिसलं. आणि ताई पुढे आली, लांब पाऊल टाकून, बाहेर वळणाऱ्या चेंडूसाठी बॅट उघडून.

चेंडू आत आला. बॅट आणि पॅड यांच्यामधून, दार उघडंच होतं म्हणून आत आल्यासारखा. मधली यष्टी मागे कलली आणि हळूच आडवी झाली.

क्षणभर भिंगरी तिथेच उभी राहिली. मग कुणीतरी मागून तिच्या पाठीवर उडी मारली, मग आणखी कुणी, आणि ती सगळ्यांच्या खाली गाडली गेली. टोपी गेली, एक बूट सैल झाला, तोंडात कुणाचे तरी केस गेले. खालून तिला तात्या दिसले. मैदानाच्या कडेला ते खुर्चीवरून उठून उड्या मारत होते, गुडघ्यांना एकही शिवी न देता.

पुढचं सगळं घसरगुंडीसारखं झालं. ताई गेल्यावर उरलेल्यांना कशावरच विश्वास ठेवता येईना. हात बघावा तर फसगत, न बघावा तरी फसगत. एक तर अगदी साध्या, सरळ चेंडूवर इतकी घाबरली की बॅटच खाली आणली नाही. शेवटची फलंदाज बाद झाली तेव्हा षटकं शिल्लक होती. पंचांनी चेंडू भिंगरीच्या हातात दिला आणि म्हणाले, "घरी ने." तिने तो दोन्ही हातांनी घेतला. ती खेळाडूंच्या जिन्यापाशी पोचली तोवर लोक तिचं नाव, काकाने ठेवलेलं ते घरचं नाव, टाळ्यांच्या तालावर ओरडत होते.

*

ताई बसच्या वाटेवर, पायऱ्यांपाशी उभी होती. अंघोळ करून, बॅग खांद्याला लावून. डोळे थोडे लाल होते. भिंगरी समोर येऊन थांबली.

"माझं विचारलं मीटिंगमध्ये?" ताईने विचारलं.

"विचारलं नाही. नुसतं बघितलं."

"सांगितलंस?"

"सांगितलं."

ताईने पुढे होऊन भिंगरीच्या कपाळावरची माती अंगठ्याने पुसली, जरा जोरातच.

"बरं केलंस," ती म्हणाली. "एकेक धाव अडवली तेव्हाच कळलं मला. आईला फोन केलास? तिने पडदेसुद्धा काढले असतील इस्त्रीला."

दोघीही हसल्या. बसचा भोंगा वाजला. ताईच्या संघातल्या मुली खाली माना घालून बसमध्ये चढत होत्या.

"शेवटची गुगलीच होती ना?" ताईने विचारलं.

"हो. खरीखुरी. मला वाटलं, तुला हात दिसला."

"दिसला की. दोन्ही दिसलं." ताईने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. "दोन्ही दिसलं आणि दोन्हीवर विश्वास बसला नाही. कमाल केलीस तू आज."

ती चार पावलं पुढे गेली तेव्हा कुठे भिंगरीच्या डोक्यात ते शिरलं.

"ताई! दोन्ही म्हणजे? हाताशिवाय आणखी काय?"

ताई बसच्या पायरीवर वळली. मोठ्या बहिणीचं ते हसू भिंगरीने कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिने एकदा भिंगरीच्या पायांकडे पाहिलं, मान हलवली, नाही म्हणून, आणि आत गेली. दार बंद झालं.

मागून मास्तरीण हाका मारत होती. फोटोसाठी सगळ्या ताटकळल्या होत्या. भिंगरी धावत गेली आणि मधल्या जागेत घुसली. तो फोटो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आला. त्यात सगळ्या कॅमेऱ्याकडे बघून ओरडत आहेत. भिंगरी एकटी मान खाली घालून स्वतःच्या पावलांकडे बघते आहे, आणि हसते आहे.